समजा

नववी ब. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास.
वारा पथारीकडून आला की
अख्खा वर्ग शिंकतो, मीही शिंकतो,
आणि फळ्यावर चाललेली रेघ
बरोबरच्या चिन्हापाशी वाकडी होते.

दोंडाईच्यात माघ असाच जातो.
गावाबाहेर एकरच्या एकर लाल,
खडूलाही तिखट लागलेलं.
बोटं डोळ्याला लावायची नाहीत
हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

मी फळ्याकडे तोंड करून म्हणालो,
समजा, क्ष ही एक संख्या आहे.
सव्वीस वर्षं म्हणतोय.
समजा, एका टाकीला दोन नळ आहेत.
समजा, पहिला नळ ती चार तासांत भरतो.
(आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो,
तोही रात्री दोनला. गिरासे सर म्हणतात,
पुस्तकातली टाकी पुण्याची असणार.)
समजा, समजा, समजा.

मागच्या बाकावरून रविना मालचे उठली.
ती सहसा उठत नाही.
दिवाळीनंतर तिची हजेरी म्हणजे
पायऱ्या निखळलेला जिना,
सोमवार, मग एकदम शुक्रवार.
"सर, तुम्ही रोज म्हंतस समजा, समजा.
माले नही समजनं ते?"

वर्ग हसला. मीही हसणारच होतो.

मग खडू हातात तसाच राहिला.
मी म्हणत होतो, धरून चालू.
तिला ऐकू येत होतं, कळलंच पाहिजे.
जून महिन्यापासून ही पोरगी
माझ्या गृहीतकाला हुकूम मानून
मान खाली घालून बसली होती.
आणि असे किती जण
त्या एका शब्दाच्या उंबऱ्यावरूनच
मागे फिरले असतील, ती बेरीज
मला, गणिताच्या मास्तराला, करवेना.

म्हटलं, बरं. समजू नको. नुसतं धर.
"काय धरू?"
खरंच, काय धरू!
नळ नको, टाकी नको. खिडकीबाहेर हात केला.
ओली मिरची टाकतेस, वाळून किती उतरते?
"चार मणनी एक मण. कधी तेबी नही."
आणि बाकीचे तीन मण?
"पानी व्हतं ते. उडी गयं."

फळ्यावर लिहिलं,
क्षचा चौथा हिस्सा बरोबर दहा.
खडू उचलायच्या आत ती म्हणाली, चाळीस.
मग मांडून दाखव.

मांडणीत अडली.
डावीकडं चारनं गुणलं, उजवीकडं विसरली,
खाली लिहिलं, क्ष बरोबर दहा,
आणि लांबूनच बघत राहिली,
निवडायला बसलेली बाई ढिगाकडं बघते तशी.
मी नियम सांगायला तोंड उघडलं, तोवर
ती स्वतःशीच पुटपुटली,
"एकच अंग वायनं."

एका अंगानं वाळली की
दुसऱ्या अंगाला बुरशी धरते.
म्हणून उलथायची असते, कमरेतून वाकून,
दिवसातून तीनदा, सगळी.
तिनं दहालाही चारनं गुणलं.
हात फ्रॉकला पुसले.
जागेवर जाऊन बसली.

लगेच काही घडलं नाही.
चाचणीत तिला वीसपैकी सात.
भूमितीची पाने कोरीच.
त्यातही त्रिकोणाला तिनं चौथी बाजू काढून ठेवली होती,
का, ते विचारायचं राहून गेलं.
मीही परवा सवयीनं समजा म्हणालो
आणि जीभ चावली.

आज ती नाही. मंगळवार आहे.
डॉक्टर कोचरांचा मुलगा फळ्यावर होता,
झरझर सोडवत चाललेला, शर्टाची घडीही न मोडता.
डावीकडून सात वजा केले,
उजवीकडं तसेच ठेवून पुढं पळाला.
मधल्या बाकावरून कुणीतरी ओरडलं,
"ए, एकच अंग वायनं तुनं!"

तो थांबला. वर चढत गेला, ओळ न् ओळ,
चूक सापडेपर्यंत.
वारा फिरला होता.
मी शिंकलो,
आणि डस्टर त्याच्या हातात दिलं.